सात सामुराय आणि एकशेएक गावकरी

१९५८ साली जपानमध्ये सिनेमाची ११२ कोटी ७० लाख तिकिटं विकली गेली. त्या वेळी देशाची लोकसंख्या होती नऊ कोटी वीस लाखांच्या आसपास. तान्ही बाळं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, डोंगरातल्या वस्त्यांवरचे शेतकरी असे सगळे जमेस धरले तरी माणशी वर्षाला बारा तिकिटं. दोन वर्षांनी, १९६० साली, जपानी स्टुडिओंनी ५४७ चित्रपट बाहेर काढले. भागाकार करून पाहा : दर सोळा तासांना एक नवा चित्रपट. ते दाखवायला देशभर ७४५७ थिएटरं होती आणि तोएईसारखी कंपनी दर आठवड्याला एका तिकिटात दोन नवे चित्रपट देत होती. त्यांत सामुराय, तलवारी, सूड आणि इमान यांचा वाटा मोठा.

या गिरणीत दिग्दर्शकाची गुणवत्ता वेगावर मोजली जाई. मासाहिरो माकिनो नावाच्या दिग्दर्शकाच्या खात्यावर अडीचशेहून जास्त चित्रपट आहेत. त्याआधी मूकपटांच्या काळात मात्सुनोसुके ओनोए हा नट हजाराच्या आसपास चित्रपटांत तलवार फिरवून गेला. शिंतारो कात्सूने आंधळ्या झातोइचीची भूमिका १९६२ ते १९७३ या अकरा-बारा वर्षांत पंचवीस चित्रपटांत केली, म्हणजे एकाच पात्राचे वर्षाला दोन. आणि याच देशात, याच काळात, अकिरा कुरोसावाने पन्नास वर्षांत तीस चित्रपट केले.

तीस हा आकडा जगातल्या कुठल्याही दिग्दर्शकाला शोभेल असा आहे, पण जपानच्या त्या गर्दीत तो अगदीच किरकोळ. त्यातही खरी गंमत पुढे आहे. ‘सामुरायपटांचा बादशहा’ म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या तिसांपैकी सामुराय असलेले चित्रपट मी मोजतो तेव्हा गाडी नवावर थांबते. ‘राशोमोन’ धरून नऊ, आणि ‘राशोमोन’मधला सामुराय तर गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेला आहे. बाकीच्यांत डॉक्टर आहेत, कारकून आहेत, पोलीस, बूट कंपनीचा मालक, झोपडपट्टीतली माणसं आहेत. एक-तृतीयांशाहून कमी कामावर माणसाचं जगभरचं नाव उभं राहिलं, आणि तेही एका विशिष्ट सवयीमुळे. कुरोसावा पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टींवर जास्त खर्च करायचा. त्याच्या कारकिर्दीतला जवळजवळ प्रत्येक अचाट आकडा या सवयीतून आलेला आहे.

सुरुवात मात्र दुसऱ्यांनी कापलेल्या आकड्यांनी झाली. १९१० साली तोक्योत जन्मलेला, आठ भावंडांतला हा धाकटा मुलगा १९३६ मध्ये पीसीएल या स्टुडिओत सहायक म्हणून लागला. पुढच्याच वर्षी त्या स्टुडिओची तोहो कंपनी झाली. १९४३ मध्ये पहिला चित्रपट आला, ‘सान्शिरो सुगाता’, ज्युदोवरचा. पुढल्या वर्षी तो पुन्हा प्रदर्शित करताना त्यातली १८४५ फूट फिल्म कापली गेली. सामुरायांचा पहिला चित्रपट त्याने १९४५ मध्ये केला, ‘वाघाच्या शेपटीवर पाय देणारी माणसं’ अशा अर्थाच्या लांबलचक नावाचा, अवघ्या ५९ मिनिटांचा. तो पुरा होईपर्यंत जपान युद्ध हरलं होतं. अमेरिकन लष्करी प्रशासनाने चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषयांची यादी काढली, त्यांत सूड आणि सरंजामी इमान आलं. जुने २३६ चित्रपट सरंजामी आणि युद्धखोर ठरवून बाद केले गेले, त्यांतल्या कित्येकांच्या प्रती जाळल्या. कुरोसावाचा ५९ मिनिटांचा चित्रपट लोकांसमोर यायला १९५२ साल उजाडलं. मिनिटाला सव्वा महिन्याहून जास्त, अशी ती वाट.

मध्यंतरी १९४८ साली तोहोतल्या कामगारांचा संप झाला. तो १९५ दिवस चालला, आणि शेवटी स्टुडिओ मोकळा करायला दोन हजार पोलिसांबरोबर अमेरिकन रणगाडे आणि विमानंही आली. या प्रकाराला विटून कुरोसावा काही वर्षं दुसऱ्या कंपन्यांकडे गेला. शोचिकूसाठी केलेला ‘इडियट’ हा दस्तयेव्हस्कीवरचा चित्रपट त्याने २६५ मिनिटांचा बनवला. कंपनीने तो १६६ मिनिटांवर आणला. कापायचीच असेल तर फिल्म आडवी कापण्यापेक्षा उभीच कापा, असं तो त्या वेळी चिडून म्हणाल्याचं सांगतात. ती ९९ मिनिटं पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

त्याच बाहेरच्या वर्षांत, दाइए कंपनीसाठी, १९५० मध्ये ‘राशोमोन’ झाला. आकड्यांच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत फाटका चित्रपट. नट आठ. जागा तीन : पडका वेशीचा दरवाजा, जंगल आणि न्यायासनापुढचं अंगण. लांबी ८८ मिनिटं. एका मृत्यूच्या चार हकिकती, आणि चारही एकमेकींशी न जुळणाऱ्या. करड्या आभाळापुढे पाऊस दिसेना म्हणून अग्निशमन दलाच्या नळ्यांतल्या पाण्यात काळी शाई मिसळली, ही त्यातली सर्वांत मोठी चैन. कंपनीच्या मालकाला चित्रपट कळला नव्हता. तरी चित्रपट १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाला गेला आणि सुवर्णसिंह घेऊन आला, पुढच्या वर्षी ऑस्करही. पाश्चात्त्य जगाला जपानी सिनेमा नावाची गोष्ट आहे हे त्या आठ नटांनी कळवलं. हे यश मिळालं नसतं तर तोहोने पुढचा वेडेपणा सोसला असता असं मला वाटत नाही.

तो वेडेपणा म्हणजे ‘सेव्हन सामुराय’.

गोष्ट कुणालाही दोन ओळींत सांगता येते. सोळाव्या शतकातलं एक गरीब गाव, पीक कापणीला आलं की लुटायला येणारे चाळीस दरोडेखोर, आणि तीन वेळच्या भाताच्या मोबदल्यात गाव राखायला राजी झालेले सात बेकार सामुराय. हा भातही गावकऱ्यांच्या तोंडचा. ते स्वतः भरड धान्यावर दिवस काढतात. या दोन ओळींची पटकथा करायला कुरोसावा, शिनोबू हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी असे तिघे आतामीच्या एका सरायीत जाऊन बसले. पंचेचाळीस दिवस. भेटायला कुणी यायचं नाही, फोन घ्यायचा नाही. एकच प्रसंग वेगवेगळा लिहायचा आणि मग कुठला घ्यायचा ते ठरवायचं, ही त्यांची पद्धत.

पटकथेनंतर कुरोसावाने एक दप्तर तयार केलं. गावात १०१ माणसं राहतात असं ठरवून त्या सगळ्यांची नोंद केली : कोण कुणाच्या घरातलं, कोणाचा बाप कोण, नातं काय. वंशावळीच मांडल्या. चित्रपटात नावानिशी लक्षात राहणारे गावकरी फार तर सहा-सात. उरलेले गर्दीतले. पण त्या गर्दीतल्या प्रत्येक एक्स्ट्राला आपलं घर कुठलं, शेजारी कोण, हे माहीत होतं, आणि चित्रीकरणाच्या काळात त्यांनी त्याच नात्याने वागावं अशी अपेक्षा होती. लढाईच्या धावपळीत एखादी बाई वळून कुणाकडे बघते तेव्हा ती खरंच कुणाकडे तरी बघत असते. पडद्यावर हे अर्धा सेकंद. दप्तरात मात्र पूर्ण कुटुंब.

तोहोचा आग्रह होता की गाव स्टुडिओत उभं करावं. कुरोसावाने इझू द्वीपकल्पावर उघड्यावर बांधून घेतलं, आणि गावाचे वेगवेगळे भाग आणखी चार ठिकाणी. चित्रीकरण १९५३ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि संपलं १९५४ च्या मार्चमध्ये. कामाचे दिवस १४८. तयार चित्रपट २०७ मिनिटांचा. म्हणजे एका दिवसाची कमाई सरासरी ८४ सेकंद. तोवर जपानमध्ये इतका खर्चिक चित्रपट झाला नव्हता. पैसे संपले म्हणून तोहोने काम एकाहून अधिक वेळा थांबवलं. अशा वेळी कुरोसावा शांतपणे मासे पकडायला जायचा. इतके पैसे ओतून झाल्यावर कंपनी मागे फिरणार नाही, हा त्याचा हिशेब होता, आणि तो दर वेळी बरोबर ठरला. शेवटची मोठी लढाई त्याने मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवली होती. ती आधी उरकली असती तर उरलेलं काहीतरी जोडून चित्रपट संपवा म्हणायला कंपनी मोकळी झाली असती. कलावंताला व्यवहार कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा डाव नीट पाहावा.

या लांबणीचा परिणाम असा की उन्हाळ्यात घ्यायची लढाई फेब्रुवारीच्या थंडीत आली. बर्फ पडलेलं होतं. ते पाण्याच्या झोतांनी वितळवलं, त्यावर पंपांनी पाऊस पाडला, आणि घोट्यापर्यंत चिखल झाला. त्या चिखलात तोशिरो मिफुने हा नट जवळजवळ उघड्या अंगाने लढतो आहे. कॅमेरे तीन, एकाच वेळी चालू. नटाला आपण नक्की कुठल्या कॅमेऱ्यात आहोत हे कळत नसल्यामुळे त्याला सगळीकडूनच लढावं लागे. आज ही पद्धत सर्रास आहे. तेव्हा एकाच प्रसंगावर तिप्पट फिल्म जाळणं ही उधळपट्टी समजली जाई.

पण या चित्रपटातला सर्वांत विलक्षण आकडा बजेटमध्ये नाही, गोष्टीतच आहे. सामुरायांचा म्होरक्या कांबेइ कागदावर चाळीस वर्तुळं काढतो. एक दरोडेखोर मेला की एका वर्तुळावर फुली. लढाई दिवसेंदिवस चालते, आणि कॅमेरा मधूनमधून त्या कागदावर परततो. प्रेक्षक नकळत मोजायला लागतो. शेवटच्या सकाळी तेरा उरतात, आणि कांबेइ ठरवतो की आता सगळ्यांना एकदम आत घ्यायचं. हजारोंची सैन्यं एकमेकांवर आदळणारे कितीतरी चित्रपट मी पाहिले आहेत, त्यांत किती मेले आणि किती उरले याचा पत्ता लागत नाही आणि फिकीरही वाटत नाही. इथे चाळीसच आहेत, पण एकेकाचा हिशेब आपल्याकडे आहे. भव्यतेला मोजमाप दिलं की तिची भीती वाटते, हे कुरोसावाला पक्कं ठाऊक होतं.

त्या हिशेबाची दुसरी बाजू तर आणखी बोचरी. सातांपैकी चार सामुराय मरतात. चारही जण गोळी लागून. दरोडेखोरांकडे बंदुका फक्त तीन, पण तलवारीने एकही सामुराय पडत नाही. क्यूझो हा त्यांच्यातला सर्वांत निष्णात तलवारबाज, आयुष्य त्या विद्येत घालवलेला, त्यालाही लांबून कुणीतरी उडवतो. पोर्तुगीजांबरोबर १५४३ साली जपानमध्ये बंदूक आली आणि पन्नास वर्षांच्या आत तिने लढाईचं गणित बदललं, हा इतिहास कुरोसावाने भाषण न देता तीन नळ्यांत बसवला.

१९५४ च्या एप्रिलमध्ये ‘सेव्हन सामुराय’ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच तोहोने ‘गॉडझिला’ काढला. ताकाशी शिमुरा दोन्हींत आहे : इथे कांबेइ, तिथे शास्त्रज्ञ. हा शिमुरा कुरोसावाच्या तिसांपैकी एकवीस चित्रपटांत आहे, मिफुने सोळांत. लोक मिफुनेचं नाव घेतात, पण घरातला माणूस शिमुराच. आणि ‘गॉडझिला’चा दिग्दर्शक इशिरो होंडा हा कुरोसावाचा जुना मित्र, म्हातारपणी त्याच्या चित्रपटांवर सहायक म्हणून राबायला परत आला.

परदेशी वितरकांना २०७ मिनिटं झेपली नाहीत. कुठे १६० च्या आसपास, कुठे १४१ अशा छाटलेल्या प्रती फिरल्या. छाटलेला असूनही तो हॉलिवूडपर्यंत पोहोचला, १९६० मध्ये त्याचा ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ झाला, आणि पंधरा वर्षांनी तेच बी रामगढच्या माळावर रुजलं. सातांचे दोन झाले, चाळीस दरोडेखोरांचा एक गब्बर झाला, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो खेळ पाच वर्षं चालला. आपल्याकडे ‘शोले’चे संवाद पाठ असलेले लाखो लोक आहेत. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी त्या गावचा मूळ सातबारा पाहिला असेल.

पुढची दहा वर्षं कुरोसावाच्या मागे ती कोट्यवधी तिकिटं उभी होती. ‘थ्रोन ऑफ ब्लड’साठी १९५७ मध्ये त्याने मॅकबेथ फुजी पर्वताच्या उतारावर नेला. तिथली माती ज्वालामुखीची, काळी. किल्ला तिथेच बांधला आणि मजूर कमी पडले तेव्हा जवळच्या तळावरचे अमेरिकन मरीन मदतीला आले. नऊ वर्षांपूर्वी स्टुडिओवर रणगाडे घेऊन आलेलं लष्कर आता सेटवर सामान वाहत होतं. शेवटच्या प्रसंगात मिफुनेवर बाणांचा वर्षाव होतो, त्यांतले बरेचसे बाण खरे होते, कसलेल्या तिरंदाजांनी काही फुटांवरून सोडलेले. त्याच्या चेहऱ्यावरची भीती हा अभिनय कितपत होता, यावर मी पैज लावणार नाही.

१९५८ च्या ‘हिडन फोर्ट्रेस’ने तोहोला भरपूर कमवून दिलं, पण दिवस आणि खर्च दोन्ही इतके वाढले की कंपनीने धोरण बदललं : यापुढे तोट्यात वाटा घ्या. १९५९ मध्ये कुरोसावा प्रॉडक्शन ही स्वतंत्र संस्था निघाली ती यामुळे. स्वातंत्र्य म्हणून मिरवावी अशी ही घटना मुळात वसुलीची तजवीज होती. आता पैसे मिळवणं भाग होतं, आणि त्यातून १९६१ चा ‘योजिम्बो’ आला, ११० मिनिटांचा, आटोपशीर, चटपटीत. एक सामुराय, दोन टोळ्या. पुढच्या वर्षी ‘सान्जुरो’. त्याच्या शेवटी दोन तलवारबाज एकमेकांसमोर हालचाल न करता सुमारे अर्धा मिनिट उभे राहतात, आणि मग एका झटक्यात सगळं संपतं. दाबाखाली भरलेलं खोटं रक्त कारंजासारखं उडालं. पुढच्या कित्येक वर्षांच्या सामुरायपटांनी नेमकं ते कारंजं उचललं आणि अर्धा मिनिट विसरले.

‘योजिम्बो’ इटलीत सर्जिओ लिओनेने न विचारता उचलला, १९६४ मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ नावाने. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि तडजोड झाली : जगभरच्या उत्पन्नाचा पंधरा टक्के वाटा जपान्यांना. चोरीच्या मालावर बसल्या जागी मिळालेली ही रक्कम, असल चित्रपटापेक्षा नक्कल मालकाला जास्त लाभली असं म्हणतात.

मग १९६५. ‘रेड बिअर्ड’, १८५ मिनिटं, एका धर्मार्थ दवाखान्यातल्या डॉक्टरची गोष्ट. चित्रीकरण इतकं लांबलं की मिफुनेला ती खरी दाढी राखून बसावं लागलं आणि दुसरी कामं घेता येईनात. चित्रपटाने व्हेनिसला मिफुनेला अभिनयाचं पारितोषिक मिळवून दिलं. दोघांचा हा सोळावा आणि शेवटचा.

इथे रेघ मारून दोन बाजू मांडून पाहा. १९४३ ते १९६५ : बावीस वर्षांत तेवीस चित्रपट. १९६५ नंतर १९९३ पर्यंत : अठ्ठावीस वर्षांत सात. ‘रेड बिअर्ड’नंतरचे वीस वर्षांतले चित्रपट १९७०, १९७५, १९८० आणि १९८५ चे आहेत, पाच-पाच वर्षांच्या अंतरावर, आगगाडीच्या वेळापत्रकासारखे. चरित्रकार याचं कारण त्याच्या स्वभावात शोधतात : हट्ट, चढेलपणा, वाढतं वय. मला तिकिटांचा आकडा जास्त बोलका वाटतो. ११२ कोटी ७० लाखांवरून १९६५ मध्ये ती ३७ कोटींवर आली होती. १९७० मध्ये २५ कोटी. १९५३ साली जपानमध्ये टीव्ही सुरू झाला होता आणि सामुराय आता दर आठवड्याला घरबसल्या फुकट दिसत होते. ‘राशोमोन’ काढणारी दाइए १९७१ मध्ये दिवाळ्यात गेली. दिवसाला ८४ सेकंद काढणाऱ्या दिग्दर्शकाला पोसायला माणशी बारा तिकिटं लागत होती. ती राहिली नाहीत.

या पडझडीत हॉलिवूडने ‘तोरा! तोरा! तोरा!’ या पर्ल हार्बरवरच्या चित्रपटाचा जपानी भाग त्याच्याकडे दिला. तयारीत दोन वर्षं गेली, चित्रीकरण काही आठवडे चाललं, आणि १९६८ च्या डिसेंबरमध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्याला काढून टाकलं. १९७० चा ‘दोदेसकादेन’ पडला. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्याने स्वतःचा गळा आणि मनगटं कापून घेतली. तो वाचला. सोव्हिएत रशियाने बोलावलं, तिथे ‘देर्सू उझाला’ केला, त्याला १९७६ मध्ये ऑस्कर मिळालं. स्वतःच्या देशात मात्र सामुरायांवर पैसे लावायला कुणी तयार नव्हतं.

त्या रिकाम्या वर्षांत तो चित्रं काढत बसला. होऊ न शकणाऱ्या चित्रपटाचे प्रसंग, शेकड्यांनी, रंगवलेले. चित्रपट नाही तर निदान कागदावर तरी राहील, हा विचार. ती चित्रं घेऊन जॉर्ज लुकास आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला फॉक्सकडे गेले. हो, ज्या फॉक्सने १९६८ मध्ये त्याला काढलं होतं, तिथेच. ‘हिडन फोर्ट्रेस’वरून ‘स्टार वॉर्स’ला धागे मिळालेल्या लुकासचा शब्द तोवर फॉक्समध्ये वजनदार झाला होता. अशा रीतीने १९८० मध्ये ‘कागेमुशा’ झाला आणि कान महोत्सवात सुवर्णपर्णाचा मानकरी ठरला. मुख्य भूमिका आधी झातोइचीवाल्या शिंतारो कात्सूकडे होती. त्याने सेटवर स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा आणला, कुरोसावाचं डोकं फिरलं, आणि ती भूमिका तात्सुया नाकादाईकडे गेली. पंचवीस चित्रपटांचा हुकमी नायक एका कॅमेऱ्यापायी घरी बसला.

‘कागेमुशा’च्या शेवटी १५७५ ची नागाशिनोची लढाई आहे. ताकेदा घराण्याचं घोडदळ बंदुकांच्या रांगांवर धावून गेलं आणि संपलं. परंपरेने बंदुकांचा आकडा तीन हजार सांगतात, इतिहासकार तो कमी करतात. लुकासने पुढे सांगितलेली हकिकत अशी की या लढाईसाठी कुरोसावाने पाच हजार माणसं जमवली, पूर्ण दिवस चित्रण केलं, आणि चित्रपटात ठेवले नव्वद सेकंद. आणि पाहणाऱ्याला प्रत्यक्ष मरताना जवळजवळ कुणीच दिसत नाही. घोडदळ निघतं, बंदुका उडतात, बघणाऱ्या सरदारांचे चेहरे दिसतात, मग मेलेली माणसं आणि उठू पाहणारे घोडे. त्या घोड्यांना भूल देऊन निजवलं होतं. हॉलिवूडच्या निर्मात्याने पाच हजारांतला एकेक जण मरताना दाखवून पैसे वसूल केले असते.

पाच वर्षांनी ‘रान’. किंग लिअर जपानी सरदाराच्या घरात, तीन मुलींच्या जागी तीन मुलगे. पैसा मुख्यतः सर्ज सिल्बरमान या फ्रान्समधल्या निर्मात्याचा, एक कोटी डॉलरच्या वर. जपानमध्ये तोवर इतका खर्च एका चित्रपटावर झाला नव्हता. एमी वादाने १४०० वेश आणि चिलखतं करवून घेतली, सगळी हाताने, दोन वर्षांहून जास्त काळ खपून. तिला ऑस्कर मिळालं. घोडे दोनशे, काही अमेरिकेतून आणलेले. फुजीच्या उतारावर पुन्हा एक किल्ला बांधला, खर्च सुमारे १६ लाख डॉलर, आणि जाळला. तो जळत असताना नाकादाईला आतून जिन्यावरून उतरून बाहेर यायचं होतं, वेड लागलेल्या म्हाताऱ्याच्या चालीने, पाय न अडखळता. दुसरी संधी नव्हती, कारण दुसरा किल्ला नव्हता. कॅमेरे लावले, आग लावली, तो उतरला. एकाच वेळेत काम झालं.

त्या वेळी कुरोसावाचं वय पंचाहत्तर, दृष्टी जवळजवळ गेलेली. सहायक त्याने काढून ठेवलेल्या चित्रांवरून चौकट जुळवत. चित्रीकरणाच्या काळातच त्याची बायको, योको यागुची, गेली. त्याने काम एक दिवस थांबवलं. किल्ल्यावरच्या हल्ल्याच्या प्रसंगात कितीतरी मिनिटं किंकाळ्या नाहीत, टापा नाहीत, फक्त तोरू ताकेमित्सूचं संगीत. १४०० चिलखतांची सगळी आतषबाजी मुकी चाललेली. ती शांतता एका गोळीच्या आवाजाने फुटते आणि थोरला मुलगा घोड्यावरून पडतो. पुन्हा बंदूकच.

१९८५ मध्ये जपानमध्ये वर्षभरात तिकिटं विकली गेली साडेपंधरा कोटी, लोकसंख्या बारा कोटींच्या वर. माणशी बारांवरून सव्वा. त्या जपानमधून ‘रान’ निघणं शक्यच नव्हतं, म्हणून तो फ्रान्समधून निघाला. दिग्दर्शनासाठीचं ऑस्कर नामांकन कुरोसावाला आयुष्यात एकदाच मिळालं, तेही ‘रान’ला. १९९० मध्ये जीवनगौरव ऑस्कर घेताना, ऐंशीव्या वर्षी, त्याने सांगितलं की सिनेमा आपल्याला अजून नीट कळलेला नाही. त्यानंतर आणखी दोन चित्रपट केले आणि १९९८ च्या सप्टेंबरमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो तोक्योत वारला.

२०१८ मध्ये बीबीसीने ४३ देशांतल्या २०९ समीक्षकांना इंग्रजीबाहेरचे सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारले. पहिला आला ‘सेव्हन सामुराय’. असल्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण या एका निकालाशी भांडावंसं वाटत नाही. तुम्ही तो पाहिला नसेल तर २०७ मिनिटांचीच प्रत मिळवा, मध्यंतरासकट एका बैठकीत पाहा, आणि चाळीस वर्तुळांचा हिशेब स्वतः ठेवा. १४१ मिनिटांची छाटलेली प्रत कुणी दिली तर सरळ परत करा.